ओळख आधी त्यांनी दाखवायची

चहाचा ट्रे घेऊन ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली मात्र, आणि तिचे पाय जागच्या जागी खिळले! समोर सोफ्यावर, धाकट्या बहिणीच्या, टकळीच्या लग्नाचं बोलायला आलेल्या पाहुण्यांमध्ये, मुलाच्या आईला चिकटून अंग चोरून बसलेली ती निळ्या कपड्यांतली बाई... तिला ताई ओळखत होती! नुसती ओळखत होती कसली, आज दुपारीच तर त्या बाईच्या घरात, खिडकीखालच्या फरशीवर मांडी घालून, ताई तिच्या लेकीसमोर बसली होती!

ट्रेमधले कप किणकिणले. त्या बाईनं मान वर केली, दोघींची नजरानजर झाली, आणि बाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

‘दाखवा ना हो ओळख... तुम्ही दाखवा, म्हणजे मी सुटले!’ ताईचं अंतःकरण नुसतं आक्रंदत होतं. कारण आपण होऊन ओळख दाखवायचा हक्क ताईला नव्हताच.

ताई होती वर्तनोपचार केंद्रात तंत्रज्ञ. (हा शब्द ऐकून शेजारच्या काकांनी एकदा बंद पडलेला टेबलफॅन आणून तिच्यापुढे ठेवला होता, ती गोष्ट वेगळी!) ज्या मुलांना बोलणं जड जातं, थांबणं जड जातं, गोंगाट झाला की जीव नकोसा होतो, अशा मुलांच्या घरी जाऊन त्यांना रोजचं जगणं शिकवायचं, खेळता खेळता, इंच इंच पुढे सरकत, हे तिचं काम. आणि या कामाचे नियम असे कडक की बास! त्या घरात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. भेटवस्तू नाही. तिथं जे दिसलं, जे ऐकलं, ते उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. आणि सगळ्यांत अवघड नियम हा, की ते लोक बाहेर कुठं भेटले, बाजारात, बसस्टॉपवर, तर ओळख आधी त्यांनी दाखवायची. त्यांनी दाखवली तर हसायचं. नाही दाखवली तर परकं व्हायचं. आपल्या घरात कसं मूल आहे हे जगाला कधी सांगायचं ते त्या घरानं ठरवावं, ताईच्या हसण्यानं नव्हे.

“तुम्ही मोठी बहीण ना?” ती बाई म्हणाली. आवाज सुकलेला. “आपण... पहिल्यांदाच भेटतोय.”

झालं! ताईच्या तोंडाला बाहेरून कुलूप लागलं, आणि किल्ली त्या बाईच्या मुठीत गेली.

मुलगा चांगला होता, हो, खरंच चांगला! घड्याळं दुरुस्त करायचा, स्वतःचं छोटंसं दुकान होतं, वरच्या मजल्यावर आई नि तो राहायचे. मोठा भाऊ नि वहिनी, म्हणजे तीच निळ्या कपड्यांतली बाई, गावाच्या दुसऱ्या टोकाला. घड्याळजी असून पाऊण तास उशिरा आला म्हणून टकळीनं आल्या आल्याच त्याला झापलं होतं, आणि तो इतका मनापासून हसला होता की टकळीच्या आईनं तिथल्या तिथं मनात होकार देऊन टाकला. आता तो ताईला विचारत होता, “ताई, ही लहानपणापासून अशीच का हो? बोलायला लागली की थांबतच नाही ती?”

टकळीचं हसू एकदम अर्ध्यावर अडकलं.

“तिचं तिच्याकडूनच ऐका की,” ताई म्हणाली. सगळे हसले. टकळीही हसली, जरा उशिरा.

मग आईनं बिस्किटांची बशी पुढं करत सहज विचारलं, “आणि तुमच्या थोरल्याला काय मुलंबाळं?”

“नाही हो,” मुलाची आई म्हणाली. “त्यांना अजून काही नाही.”

“आई—” घड्याळजी दचकून म्हणाला.

“तू चहा घे आधी. गार होतोय.”

वहिनीच्या हातातला चमचा खाली पडला. तो उचलायला ती वाकली ती कितीतरी वेळ वर आलीच नाही!

काही नाही... ताईच्या डोळ्यांसमोर भिंगरी उभी राहिली. फ्रॉकचा घेर फुलेपर्यंत स्वतःभोवती गरगर फिरणारी, बोलता न येणारी, ताईच्या जांभळ्या पिशवीवरचं मोठं पिवळं बटण तासन् तास फिरवत बसणारी भिंगरी! ‘काही नाही’ म्हणे! ओठांवर आलेला शब्द ताईनं चहाच्या घोटाबरोबर गिळला, आणि त्या चहानं तिचा घसा पोळला की त्या शब्दानं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती केंद्रातल्या मॅडमसमोर जाऊन बसली. मॅडम म्हणजे तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या. चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधणाऱ्या, पण माणसाच्या मनातलं मात्र नेमकं शोधून काढणाऱ्या!

“माझ्या बहिणीचं लग्न भिंगरीच्या काकाशी ठरतंय,” ताई म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मॅडमनी तिला रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, “लग्न ठरलं तर तुला भिंगरीचं काम सोडावं लागेल. टीचर पण तूच आणि नातलग पण तूच, हे नाही चालायचं. उद्या घरात खटका उडाला तर तो पोरीच्या शिकण्यात येईल. तिच्यासाठी नवी टीचर बघू, हळूहळू सवय लावत बदल करू.”

“आणि माझी बहीण? ती काही माहीत नसताना त्या घरात जाणार. मी नुसती बघत बसू?”

“तू सांगू शकत नाहीस. तो दुसऱ्यांच्या लेकीचा विषय आहे.”

“पण ती माझी बहीण आहे हो, मॅडम!”

“माहीत आहे गं.” मॅडमचा आवाज ओला झाला. “त्यांना बोलायला वाव दे. पोरीनं शब्द काढावा म्हणून तू किती वाट बघतेस! तशीच मोठ्यांचीही बघ.”

सांगायला सोपं होतं! टकळी रोज संध्याकाळी घड्याळजीच्या दुकानावरून येऊन ताईच्या गळ्यात हात टाकायची आणि सांगत सुटायची... तो असं म्हणाला, तो तसं म्हणाला, त्याला कुकरची शिट्टी वाजली की दचकायला होतं, त्याच्या वहिनी किती गोड आहेत पण सदा उदास का असतात काय माहीत, तुला काय वाटतं गं ताई? आणि ताई म्हणायची, “मी काय सांगू?” ते शब्द किती खरे होते, ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक! स्वतःच्याच घरात ती परक्यासारखी वावरायला लागली. टकळी खोलीत आली की हिला स्वयंपाकघरात काम निघायचं.

भिंगरीच्या घरीही तेच. वहिनींनी एके दिवशी दार लावून घेतलं आणि एक नाजूकसं घड्याळ ताईच्या पुढ्यात ठेवलं. “भाऊजींच्या दुकानातलं आहे. घ्या ना, टीचर... आणि लग्न होईपर्यंत तेवढं... सासूबाई म्हणतात, पोरगी दिसली तर स्थळ हातचं जाईल. माझं काही चालत नाही हो त्यांच्यापुढं!”

“हे मला नाही घेता येणार, वहिनी. आणि त्याची गरजही नाही. तुमच्या घरातलं माझ्या तोंडून कधीच बाहेर जाणार नाही.”

“म्हणजे तुम्ही आमच्याच झालात!”

“तुमची होतेय ना, म्हणूनच मला इथून जावं लागेल,” ताई म्हणाली. वहिनींना ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. “अहो, पण ती तुमच्याशिवाय... ती आत्ता कुठं...”

भिंगरीला ‘मदत’ शिकवणं चाललं होतं. एक तळहात पसरायचा, त्यावर दुसऱ्या हाताची मूठ ठेवायची, आणि दोन्ही हात वर उचलायचे: मदत! किंचाळायचं नाही, डोकं आपटायचं नाही, मागायचं. ताईनं आधी तिचे हात हातात धरून शिकवलं, मग नुसतं कोपराला बोट लावून, मग नुसतं नजरेनं. आपला हात थोडा थोडा काढून घ्यायचा, हीच तर या शिकवण्यातली खरी कला! पण ताईची नजर वळल्याशिवाय, आपल्या मनानं, भिंगरीनं अजून एकदाही मदत मागितली नव्हती.

त्या दिवशीही तिनं रोजच्यासारखं आपलं अर्धं चावलेलं बिस्किट ताईच्या तोंडापुढं धरलं, आणि ताईनं रोजच्यासारखंच हसून म्हटलं, “तूच खा, राणी.” नियम म्हणजे नियम... पण आज तिला तो नियम घशात हाडासारखा टोचला.

आणि मग एका संध्याकाळी टकळी आली ती वादळासारखी! दार आपटलं, चपला कुठंतरी भिरकावल्या, आणि ताईच्या खांद्यावरची जांभळी पिशवी तिनं हिसकावून घेतली.

“हे बटण कुणी शिवलंय?”

“तू,” ताई म्हणाली. 

“मी! माझ्या जुन्या कोटाचं बटण. अख्ख्या बाजारात असलं दुसरं नाही, कारण तो बिचारा तीन आठवडे शोधतोय! त्याच्या पुतणीला हवंय म्हणे! तिच्या टीचरच्या पिशवीला आहे ना तसंच हवंय!” टकळीचा श्वास पुरेना. “आज त्यानं मला सगळं सांगितलं. आईशी भांडून सांगितलं, खोट्यावर संसार मांडायचा नाही म्हणून. मला त्या पोरीचं काहीच नाही गं, ती आवडेल मला! पण तू? तू त्या घरात जातेस? खरं सांग. हो की नाही?”

आता सगळं बाहेर आलंच होतं ना! नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण घड्याळजीनं सांगितलं ते घड्याळजीचं. भिंगरीच्या आईनं अजून तोंड उघडलं नव्हतं. आणि ताईच्या ‘हो’ वर हक्क तिचा होता, तिच्या लेकीचा होता...

“मी कुणाकडे जाते ते मी सांगू शकत नाही, टकळी.”

“अजूनही?”

“ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच ऐक. माझ्याकडून नको.”

“बघ, आई, बघ हिला!” टकळी किंचाळली. आई पीठ मळलेल्या हातांनीच धावत आली. “मी हिच्या पाठीला पाठ लावून आलेली, आणि हिला माझ्यापेक्षा तिची नोकरी सख्खी! मी डोळे मिटून विहिरीत उडी मारली असती तरी ही काठावर उभी राहून म्हणाली असती, विहिरीचं विहिरीकडूनच ऐक!”

“काय गं हे?” आईचाही आवाज चढला. “लोकांच्या लेकरांसाठी जीव टाकतेस, आणि हिच्यासाठी एक शब्द फुटेना तुझ्या तोंडातून? कसलं शिक्षण म्हणायचं हे?”

ताई भिंतीला टेकून उभी होती. डोळ्यांतून धारा, आणि ओठ घट्ट मिटलेले... दोन्ही बाजूंनी माणसं आपली, आणि मधे ती अशी कोंडलेली, की हुंदका टाकायलासुद्धा जागा नाही!

“लग्नाला ये किंवा येऊ नकोस,” टकळी शेवटी म्हणाली, एकदम शांत आवाजात, आणि त्या शांततेनंच ताईचं काळीज चिरलं. “तुझ्या कुठल्यातरी नियमात बसत असेल तर ये.”

त्या दिवसापासून टकळी तिच्याशी बोललीच नाही. बोलून बोलून भिंतींनाही कान किटायचे असं ते घर, आता त्यात भांड्यांचाच काय तो आवाज. मीठ हवं असलं तरी टकळी आईमार्फत मागायची! ताई मीठ पुढं सरकवायची नि मान खाली घालून जेवायची.

मधल्या दिवसांत नवी टीचर भिंगरीकडे यायला लागली. आधी ताईच्या शेजारी बसून, मग ताई दाराशी आणि ती जवळ, मग ताई बाहेरच्या खोलीत... शेवटच्या दिवशी भिंगरी पिशवीवरचं बटण फिरवत राहिली, आणि ताईला मोठ्यानं रडताही येईना, कारण भिंगरीला रडण्याचा आवाज सोसत नाही. तिनं फक्त हात हलवला, आणि जिना उतरून खाली गेल्यावर, सायकलींच्या रांगेमागं उभं राहून तोंडात रुमाल कोंबला.

लग्न नोंदणीच्या कचेरीत होतं. लांबच लांब व्हरांडा, बाकांवर दाटीवाटीनं बसलेली वऱ्हाडं, शिक्क्यांची ठकठक, कुणाचंतरी बाळ रडतंय, कुणीतरी नंबर पुकारतंय. ताई आली होती. येणार नाही कशी? पण ती सगळ्यांत शेवटच्या खांबाला टेकून उभी राहिली, आईनं दोनदा खुणावूनही पुढं न जाता.

आणि तिनं पाहिलं, वहिनींच्या हाताला धरून भिंगरी आली होती! घड्याळजीनं हट्टच धरला होता, माझी पुतणी नसेल तर मी सही करणार नाही. त्याची आई तोंड वाकडं करून लांब बसली होती.

ताईनं झटकन नजर वळवली. ओळख आधी त्यांनी दाखवायची...

तेवढ्यात कुणीतरी लोखंडी खुर्ची फरशीवरून खरडत ओढली, आणि भिंगरीनं दोन्ही कान गच्च दाबून घेतले. ती फिरायला लागली, गरगर, गरगर, माणसांना धडकत. “धरा तिला!” “काय झालं पोरीला?” “म्हणून म्हणत होते, आणू नका!” आजीचा आवाज. वहिनींना ती आवरेना. ताईची नखं तळहातात रुतली. चार पावलं... नुसती चार पावलं टाकली तर! पण टाकायची कशी? तिच्या एका पावलानं सगळ्या व्हरांड्याला कळलं असतं, आणि ते सांगायला वहिनींनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

भिंगरी थांबली. तिला खांबाजवळ, ताईच्या खांद्यावरच्या जांभळ्या पिशवीचं पिवळं बटण दिसलं होतं.

गर्दीतून वाट काढत, कान दाबलेलेच ठेवून, ती सरळ चालत आली. ताईच्या समोर उभी राहिली. मग तिनं कानांवरचे हात काढले, त्या सगळ्या गोंगाटात काढले! तळहात पसरला, त्यावर मूठ ठेवली, आणि दोन्ही हात वर उचलले.

मदत.

कुणीही न सुचवता. कुणाच्याही नजरेशिवाय. आपल्या मनानं!

ताईनं आधी वहिनींकडे पाहिलं. अजूनही, त्या क्षणीही, आधी वहिनींकडे! आणि वहिनींचा बांधच फुटला.

“टीचर आहेत त्या तिच्या!” साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “माझ्या लेकीच्या टीचर! ही माझी लेक आहे, आणि मी त्या दिवशी ह्यांना ओळख दाखवली नाही. माझ्या भित्रेपणापायी ह्यांनी सख्ख्या बहिणीचा राग सोसला, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही!”

ताई केव्हाच गुडघ्यांवर बसली होती. आपली ओढणी तिनं भिंगरीच्या डोक्यावरून कानांभोवती गुंडाळली, आणि बटण तिच्या हातात दिलं. भिंगरीचा श्वास हळूहळू संथ झाला. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला. आजी बाकावरून उठल्या, दोन पावलं पुढं आल्या, आणि काय बोलावं ते न सुचून नातीच्या फ्रॉकची मुडपलेली कड उगाचच सरळ करू लागल्या.

टकळी पुढं आली. नवे कपडे, डोळ्यांतलं काजळ गालांवर. तिनं तोंड उघडलं.

“त्... त्... त्...”

सगळे थबकले. शब्द फुटेना! घड्याळजी गोंधळून बघतच राहिला. त्याला कुठं माहीत होतं, की ही टकळी लहानपणी एकेका शब्दावर अशीच अडायची, वर्गातली पोरं नकला करायची, आणि ताई रोज दुपारी तिला गच्चीवर नेऊन बसवायची... तिचं वाक्य कधीही, एकदाही, स्वतः पूर्ण न करता, नुसती वाट बघत! ताईनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यालाही नाही. ‘तिचं तिच्याकडूनच ऐका की.’

आत्ताही ताई बोलली नाही. गुडघ्यांवर बसल्या बसल्या वर बघत राहिली. गच्चीवर बघायची तशीच.

“त्... ताई!” शब्द अखेर सुटला, आणि त्याच्यामागून सगळं धरणच! “माझंही तू असंच... असंच झाकून ठेवलंस ना गं? ज्या मिटलेल्या तोंडावर मी चिडले, त्याच तोंडानं... मी किती बोलले तुला! किती टोचून बोलले!” तिनं खाली बसून ताईच्या गळ्यात हात टाकले. मग मान वळवून रडत रडत होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, “ऐक, मी लहानपणी अशी बोलायचे. अडखळत. आता माझ्याकडूनच ऐकलंस.”

“मला वेळ आहे,” घड्याळजी म्हणाला. “तू बोल सावकाश.” आणि इतक्या रडारडीतही आई नाक पुसत म्हणाली, “वेळ आहे म्हणे! म्हणूनच रोज उशीर होतो मेल्याला!” तेव्हा अख्खा व्हरांडा हसला.

सह्या झाल्या. शिक्का पडला. बाहेरच्या पायऱ्यांवर वहिनींनी बिस्किटांचा पुडा फोडला. नवी टीचर आता एकटीच भिंगरीकडे येत होती. जांभळ्या पिशवीतली चित्रं, ठोकळे, रंगीत मणी, सगळं ताईनं कधीच तिच्या हवाली केलं होतं. आता ताईला त्या खिडकीखालच्या फरशीवर पुन्हा कधी बसायचं नव्हतं... भिंगरीनं आपल्या मनानं मागितलेली पहिली मदत, हीच तिच्यासाठी टीचर म्हणून शेवटची.

“भिंगरे, ही कोण सांगू?” टकळी पोरीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली. “टीचर नाही हं आता. ही मावशी.”

भिंगरीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती बिस्किट खात होती. अर्धं खाऊन झालं, तसं उरलेलं अर्धं तिनं रोजच्यासारखं ताईच्या तोंडापुढं धरलं.

ताईचे ओठ सवयीनं हलले, ‘तूच खा, राणी...’ आणि मधेच थांबले.

तिनं तोंड उघडलं, आणि ते ओलं, चुरा झालेलं, लाळेनं मऊ झालेलं बिस्किट खाल्लं.